शरणप्पा अर्जनवीसांची गाळपेर

फाल्गुनातल्या एका सकाळी बेळगूरच्या कचेरीसमोर दवंडी पिटली गेली आणि कडुलिंबाखाली अर्ज लिहीत बसलेल्या शरणप्पांचा बोरू कागदावर जागच्या जागी थांबला. लढाईचे दिवस होते. धान्य महाग, रॉकेल गायब, साखर चिठ्ठीवर, आणि कागद तर असा मिळे की एका बाजूनं लिहावं आणि दोन्ही बाजूंनी वाचावं. अशात सरकारनं ठरवलं होतं की गावच्या तळ्याचं पाणी जसजसं मागं सरेल तसतशी उघडी पडणारी गाळाची जमीन तुकडे पाडून गावकऱ्यांना एका हंगामापुरती द्यायची. तिथं ज्यानं त्यानं भाजीपाला आणि वेलफळं पेरावीत आणि लढाईला हातभार लावावा. बेळगूरच्या दोडक्याला भिऊन जर्मनी कसा मागं हटणार हे दवंडीवाल्यानं सांगितलं नाही, आणि शरणप्पांनीही विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं एक पिवळंधमक, जाळीदार खरबूज उभं राहिलं होतं आणि त्याचा वाससुद्धा येऊ लागला होता.

बेळगूर म्हणजे नळदुर्गाहून हैदराबादेकडं जाणाऱ्या सडकेला लागून असलेलं कसब्याचं गाव. तिथं शरणप्पांचा धंदा दुसऱ्यांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत घालून देण्याचा. एखाद्यानं रडत येऊन सांगावं की भावानं बांध कोरला, आणि शरणप्पांनी ते अशा भरजरी उर्दूत उतरवावं की त्या भावालाही वाटावं, कोरला खरा, पण काय थाटात कोरला! आजवर त्यांनी लोकांना जमिनी, वाटा, विहिरी आणि रुसून गेलेल्या बायकासुद्धा परत मिळवून दिल्या होत्या. स्वतःसाठी मात्र एक ओळ लिहिलेली नव्हती. त्या दिवशी दुपारी त्यांनी घरी येऊन जेवता जेवता जाहीर केलं की आपण गाळपेर करणार.

त्यांची बायको मल्लम्मा माकणीच्या शेतकरी घरातली. तिनं भाकरी थापणं न थांबवता विचारलं की खुरपं कुठल्या बाजूनं धरतात हे तेवढं ठाऊक आहे का. शरणप्पांना हे लागलं. त्यांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि सांगितलं की वैशाखात स्वतःच्या हातानं पेरलेलं खरबूज तिच्या ताटात वाढीन, आणि तोवर घरातल्या कुणीही मदत तर सोडाच, तळ्याकडं फिरकायचंसुद्धा नाही. मल्लम्मा बरं म्हणाली. ती इतक्या चटकन बरं म्हणाली की शरणप्पांना ते आणखी लागलं.

आधी हात बसावा म्हणून त्यांनी परसात नहाणीच्या पाण्यावर एक वाफा केला. परसाच्या डाव्या भिंतीपलीकडं गुंडाप्पा किराणावाले आणि उजव्या भिंतीपलीकडं फौजेतून निवृत्त झालेले बलभीम हवालदार. दोन्ही भिंतींवर दोन डोकी उगवली. पेरणीआधीच एवढी उगवण झालेला तो जिल्ह्यातला पहिला वाफा असावा. गुंडाप्पांचं म्हणणं पडलं की खरबुजाचं बी आधी दुधात भिजवावं, म्हणजे फळ गोड येतं. बलभीम म्हणाले की दूधबीध सगळं झूट, बी दोरी लावून सरळ रेषेत पेरावं, कवायतीत उभं केल्यासारखं, म्हणजे ते दबून राहतं. शरणप्पा दोघांचेही शेजारी असल्यामुळं त्यांनी दोघांचंही ऐकलं. बी दुधात भिजत ठेवलं, ते मांजरानं दुधासकट चाटलं. उरलेलं दोरी लावून पेरलं, ते मुंग्यांनी दोरीच्याच सुमारानं रांगेत वाहून नेलं. मुंग्यांची शिस्त बघून बलभीमांना मात्र भरून आलं.

पण हा झाला सराव. खरी परीक्षा अर्जाची होती.

कचेरीत अर्ज घेण्याचं काम पेशकार मीर करामत अली यांच्याकडं. शेरवानीची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेले, बारीक आवाजात बोलणारे आणि मोठ्या अक्षरात नामंजूर करणारे गृहस्थ. शरणप्पांचे अर्ज रोज त्यांच्या मेजावरून जात. पण इतक्या वर्षांत दोघांमध्ये ‘या अक्षरावर नुक्ता राहिला’ आणि ‘जी हुजूर’ यापलीकडं संभाषण झालेलं नव्हतं. शरणप्पांनी स्वतःसाठी लिहिलेला अर्ज म्हणजे त्यांच्या सगळ्या विद्येचा अर्क होता. पेशकारसाहेबांनी तो वाचला, किंचित मान हलवली आणि परत केला, कारण तिकीट उजवीकडं लावलं होतं. तिकीट डावीकडं आलं, तर अर्जदाराचा पेशा लेखणीचा असल्यामुळं तो खरोखर जमीन खणणार याला पुरावा काय, असा शेरा पडला. शेवटी ठरलं की अर्जदारानं त्याच्या मालकीचं खोरं असल्याचा पोलीस पाटलाचा दाखला जोडावा.

दाखल्यासाठी खोरं लागतं. शरणप्पांनी लोहाराकडून एक नवं खोरं घेतलं. पण ते खांद्यावर टाकून भर बाजारातून घरी कसं न्यावं हा मोठा प्रश्न होता. अर्जनवीसाच्या खांद्याला उपरणं शोभतं. म्हणून त्यांनी खोऱ्यालाच उपरणं गुंडाळलं आणि ते छातीशी कवटाळून आडवाटेनं निघाले. वाटेत बलभीम भेटले. त्यांनी त्या लांबट गाठोड्याकडं नजर टाकून, कानाशी येऊन, हत्यार कुठल्या बनावटीचं आहे असं विचारलं. दिवस नाजूक होते. संध्याकाळपर्यंत शरणप्पांनी घरात बंदूक आणल्याची बातमी गावभर झाली, आणि दाखला द्यायला आलेल्या पोलीस पाटलानं खोऱ्याआधी माळा, उतरंड आणि मल्लम्माचं फडताळ तपासून घेतलं. त्या रात्री ती नवऱ्याशी बोलली नाही. दाखला मात्र मिळाला.

जमिनी मोजणाऱ्या गिरदावरानं तळ्यात नेऊन, बंधाऱ्याकडून तुकडे मोजत मोजत, एका ठिकाणी काठी रोवली आणि हा तुमचा म्हणून सांगितलं. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. वर भेगा पडू लागलेल्या, पण बोट घातलं की आत गारवा. शरणप्पांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं, मग वाकून त्यांनी त्या गाळाचा वास घेतला. वयाची चाळिशी उलटून गेलेल्या माणसाला एकाएकी उड्या माराव्याशा वाटतात असे प्रसंग फार येत नाहीत. त्यांनी एक मारली. पाय घोट्यापर्यंत रुतले, एक चप्पल आत राहिली, ती शेवटपर्यंत सापडली नाही.

रोज संध्याकाळी कचेरी सुटली की ते मारुतीला वळसा घालून, कुणाच्या नजरेस न पडता तळ्यात उतरत. आळी केली, शेण कालवलं, बी लावलं, रॉकेलच्या रिकाम्या डब्यानं पाणी आणून घातलं. आणि एका संध्याकाळी आळ्यातली माती फुगलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तिथं एक कोंब वर आला होता आणि त्याच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं तसंच होतं. शरणप्पांनी आयुष्यात मोठमोठ्या हाकिमांना सलाम केले होते. पण आतून असा सलाम कधी उमटला नव्हता. त्यांनी घरी जाऊन मल्लम्माला सांगितलं की टोपी घालून आलाय. कोण, म्हणून तिनं दाराकडं बघितलं.

मग भानगड सुरू झाली. चार दिवसांत त्यांच्या वेलांच्या अधेमधे कसलीतरी दुसरीच रोपं दिसू लागली. खरखरीत पानांची, जांभळट देठांची. गुंडाप्पांना वर्णन करून विचारलं, तर ते म्हणाले की हे कडू तण, लई वाईट, मुळासकट काढा, नाही तर तुमच्या वेलाचं रक्त पिऊन टाकील. शरणप्पांनी मुळासकट काढलं. दुसऱ्या संध्याकाळी येऊन बघतात तो तण पुन्हा हजर, आणि त्यांचे स्वतःचे चार वेल मात्र उपटून बाजूला फेकलेले. ते त्या मेलेल्या वेलांजवळ बराच वेळ उकिडवे बसून राहिले. अगदी परवा टोपी घालून आलेला त्यात होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांचं लक्ष लागेना. पेशकारसाहेबांपुढं त्यांनी कुणाचा तरी अर्ज ठेवला, त्यावर बोटाचा काळा ठसा उमटलेला. साहेबांनी तो नाकाशी नेला, खिडकीकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांत प्रथमच नुक्त्याविषयी नसलेलं वाक्य बोलले.

"शरणप्पा, ये तो तालाब की मिट्टी है."

शरणप्पांनी घाबरत घाबरत कबूल केलं. साहेबांनी उठून दार लोटून घेतलं आणि आवाज आणखी बारीक करून सांगितलं की आपणही एक छोटासा बगीचा केला आहे. रोज पहाटे नमाज झाली की जातो. बैंगन लावलेत, हैदराबादेहून बी मागवून. कुणाला सांगू नका, पेशकाराच्या हाती खोरं लोकांनी बघितलं तर कचेरीचा रुबाब जाईल. शरणप्पांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण एका माणसाला मेजाचाच एक भाग समजत होतो!

त्या दिवसापासून कचेरीचं काम मंदावलं. मेजावर मिसलीचे कागद उघडे असत आणि दोघं शेणखत चांगलं की लेंडीखत यावर बोलत. बाहेर अर्जदार ताटकळत, आणि आत पेशकारसाहेब बोटांनी दाखवत की पान आता एवढं झालंय. बोलता बोलता त्यांच्या दुःखालाही वाट फुटली. त्यांची रोपंही कुणीतरी उपटत होतं. काल तर अकरा गेली. तुमचीही? माझीही. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एवढ्या नीच माणसांनी गाव भरलं असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचा तुकडा नेमका कुठं आहे हे विचारायचं सुचलं नाही, कारण दुःखात माणूस चौकशी करत नाही.

पेशकारसाहेबांनी अज्ञात इसमाविरुद्ध रीतसर फिर्याद लिहून मागितली आणि मजकुरात हात आखडू नका असं बजावलं. शरणप्पांनी मित्राखातर आपली सगळी फारसी पणाला लावली. त्या अज्ञात इसमाला त्यांनी बदबख्त, म्हणजे करंटा, म्हटलं, संगदिल, म्हणजे दगडाच्या काळजाचा, म्हटलं, आणि शेवटी, ज्याला घास आणि बैंगन यांतला फरक कळत नाही असा नाबीना, म्हणजे आंधळा, म्हटलं. साहेबांना ते फार आवडलं. उपकाराची फेड म्हणून त्यांनी शरणप्पांना उपाय सांगितला: वेलांभोवती बोराटीचे काटे मातीत दडवून ठेवा. शरणप्पांनी उलट सल्ला दिला की तुमच्या रोपांवर ताकात लाल तिखट कालवून शिंपडा, चोर हात लावील आणि तोच हात डोळ्याला लावील.

दुसऱ्या दिवशी पेशकारसाहेब लंगडत कचेरीत आले. सांधे धरलेत म्हणाले. शरणप्पांनी काळजीनं तेल आणून दिलं. त्याच संध्याकाळी तण उपटताना शरणप्पांनी कपाळावरचा घाम पुसला आणि थेट पाण्यातच जाऊन बसले. सकाळी त्यांचे डोळे टोमॅटोसारखे. रात्री जागून अर्ज लिहिले, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी काळजीनं सुरम्याची डबी दिली. एक लंगडत आणि एक चाचपडत, असे दोघं दुपारी मेजाशी बसून चोराला काय शिक्षा व्हावी यावर विचार करत होते.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. त्या दिवशी भर दुपारी, जेव्हा चोरालाही वाटणार नाही की कुणी राखण करत असेल, तेव्हा दबा धरून बसायचं असं शरणप्पांनी ठरवलं. पेशकारसाहेबही जुम्म्याची नमाज आटोपून आपल्या बागेत तेच करणार होते. दोघांनी एकमेकांना यश चिंतलं होतं. शरणप्पा खोरं घेऊन तुकड्याच्या कडेच्या बाभळीआड पालथे पडले. ऊन असं की गाळाला भेगा पडताना ऐकू याव्यात. बऱ्याच वेळानं बाभळीच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी शिंकलं. शरणप्पांनी फांदी बाजूला केली. लुंगी नेसलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात खुरपं असलेला एक माणूस पालथा पडून त्यांच्याच वेलांकडं टक लावून बघत होता.

पुढं जे झालं ते झटक्यात झालं. शरणप्पांनी चोर चोर म्हणून झेप घेतली, त्या माणसानंही चोर चोर म्हणून झेप घेतली, आणि दोघं उरल्यासुरल्या वेलांवर आणि रोपांवर गडबडा लोळू लागले. ओरडा ऐकून पलीकडच्या तुकड्यात कांद्याला पाणी देणारे बलभीम काठी घेऊन धावत आले. त्यांनी काठी उगारली आणि टॉवेल सुटलेलं ते डोकं बघून तशीच खाली घेतली.

"ह्ये तर आपले पेशकारसाहेब हायती," ते म्हणाले. "मंग चोर कुठं हाय?"

शेरवानीवाचून पेशकारसाहेब फारच बारीक दिसत होते. त्यांच्या दाढीत गाळ होता.

बलभीमांनी काठी टेकवली. "आमाला वाटलं तुमी दोगं भागीत करताव. सकाळी सायेब, सांच्याला तुमी. सगळं गाव तसंच म्हन्तंय की."

म्हणजे सगळ्या गावानं सगळं बघितलं होतं. मारुतीला घातलेले वळसे, पाण्यात बसणं, ती उडीसुद्धा. पटवारी आला, त्यानं डोकं खाजवलं, आणि उलगडा झाला. गिरदावरानं शरणप्पांचा तुकडा बंधाऱ्याकडून मोजला होता, पटवाऱ्यानं साहेबांचा तुकडा बाभळींकडून. आणि दोघंही आपापल्या परीनं बरोबर मोजत एकाच जागी येऊन थांबले होते. साहेबांचा खरा तुकडा पलीकडं रिकामाच होता. तिथं सध्या गुंडाप्पांची म्हैस बसत असे.

"वो बैंगन," पेशकारसाहेब खाली बघत म्हणाले, "तुम घास समझके उखाड़े?"

"जी हुजूर."

"मैं बी तुम्हारे बेलां को..." साहेब दाढीतला गाळ पुसू लागले.

ती रात्र शरणप्पांनी तळमळत काढली. वेल गेले त्याचं दुःख वेगळं; पण ज्याच्या एका शेऱ्यावर आपली अर्जनवीसीची सनद टिकून आहे, त्याला आपण सरकारी कागदावर आंधळा म्हटलंय, त्याच्या पायात काटा घुसवलाय, आणि त्याच्या छातीवर बसलोय. सकाळी ते लिंबाखाली बसले, पण आत जाण्याचं धाडस होईना. शेवटी चपराशीच बोलवायला आला.

मेजावर ती फिर्याद होती. पेशकारसाहेबांनी शेरवानी गळ्यापर्यंत लावलेली होती, आणि बदबख्त, संगदिल, नाबीना हे तिन्ही शब्द त्यांनी सावकाश, चव घेतल्यासारखे वाचले. मग दौतीत बोरू बुडवून खाली शेरा लिहिला आणि कागद शरणप्पांपुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं: तपासाअंती दिसून आलं की रोपं उपटणारे इसम दोन असून दोघंही अब्रूदार आहेत. एकाच्या पायात पुरेसा काटा गेला आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांत पुरेसं तिखट. सबब मिसल बंद.

"अब नया बीज कब डालना?" साहेबांनी विचारलं.

त्याच संध्याकाळी, सगळ्या गावादेखत, पेशकारसाहेब आणि शरणप्पा सडकेनं सरळ तळ्यावर गेले. खोरं शरणप्पांच्या खांद्यावर, उपरण्याशिवाय. शेरवानी बाभळीला टांगली गेली. चोरून करण्यात जेवढी मजा होती त्याच्या दसपट उघड करण्यात आहे हे दोघांना कळलं, आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. बैंगनाच्या दोन ओळींमध्ये खरबुजाचं आळं असा नकाशा ठरला. परसातल्या वाफ्यात शरणप्पांनी वांग्याची नवी रोपं केली. भिंतींवरची दोन्ही डोकी हजर होतीच. मल्लम्मा आता बंदी विसरून स्वतःच तळ्यावर येऊ लागली, येताना साहेबांच्या बेगमसाहेबांना बरोबर आणी, आणि दोघी बंधाऱ्यावर बसून आपापल्या नवऱ्यांच्या पाणी घालण्याच्या तऱ्हेवर आपापल्या भाषेत, एकमेकींना न कळणारं पण पटणारं बोलत.

चैत्र संपत आला तेव्हा पहिलं फूल आलं. पुढं लिंबाएवढं फळ धरलं. शरणप्पांना ते सकाळीच दिसलं आणि ते तसेच चिखलाच्या पायांनी पळत कचेरीत गेले. आत एका वाटेच्या तंट्याची सुनावणी चालू होती, दोन्ही पक्ष एकमेकांवर ओरडत होते. शरणप्पा दारातूनच म्हणाले, "धरलं, साहेब." पेशकारसाहेबांनी सुनावणी तहकूब केली. दोन्ही पक्षांना वाटलं की कुणीतरी मोठा दरोडेखोर धरला असणार. ते भांडण विसरून मागोमाग पळत तळ्यावर आले, आणि लिंबाएवढ्या खरबुजाभोवती घोळका करून उभे राहिले. त्यातल्या एकानं पाण्याचा डबा उचलला, दुसरा तो धरू लागला. वाटेचा तंटा पुढं परस्परच मिटला.

आणि वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. पेशकार मीर करामत अली यांनी ताबडतोब बीदरकडं रुजू व्हावं.

पेशकारसाहेब हुकूम घेऊन स्वतः लिंबाखाली आले. आजवर त्यांना कुणी अर्जदारांच्या बाजूला बसलेलं बघितलं नव्हतं. शरणप्पांच्या चटईवर, इतर अर्जदारांमध्ये ते मांडी घालून बसले. त्यांना एक अर्ज लिहून हवा होता. बदली रद्द नको, फक्त हंगाम संपेपर्यंत मुदत. पण तालुकदारसाहेब, म्हणजे साऱ्या जिल्ह्याचे मालक, त्यांना वांग्यांचं कारण कसं सांगायचं? आजारीपण लिहिलं तर खोटं होईल, आणि पेशकारसाहेब खोटं चालवून घेणारे नव्हते. निदान दुसऱ्यांचं तरी कधी घेतलेलं नव्हतं.

शरणप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी बोरू उचलला आणि आयुष्यातला सर्वांत चांगला अर्ज लिहिला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अर्जदाराच्या आसऱ्याला काही अतिशय कोवळे जीव आहेत. त्यांना अजून स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही. या उन्हाळ्यात त्यांना जागेवरून हलवणं म्हणजे त्यांच्या प्राणाशी खेळ. त्यांना दोन्ही वेळ पाणी पाजायला, सावली धरायला अर्जदार जवळ हवा. हुजुरांना स्वतःला अवलाद आहे. अधिक काय लिहावं.

पेशकारसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांना रडू आलं. नुक्ते तपासायचे राहून गेले.

मुदत मिळाली. आठवड्याच्या आत मंजुरीचा कागद आला, वर सहानुभूतीच्या दोन ओळी. दोघांनी त्या दिवशी तळ्यावर जाऊन प्रत्येक झाडाला ज्यादा पाणी दिलं. खरबूज आता चांगलं नारळाएवढं झालं होतं आणि अंगावर जाळी धरू लागलं होतं.

यानंतर काही दिवसांनी तालुकदारसाहेब दौऱ्यावर नळदुर्गाला जाताना वाकडी वाट करून बेळगूरला उतरले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी दप्तर बघितलं नाही, खजिना बघितला नाही. कोटाच्या खिशातून एक लाकडी खुळखुळा काढला आणि पेशकारसाहेबांना विचारलं की ती लेकरं कुठं आहेत, मला बघायची आहेत.

पेशकारसाहेबांचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांची दोन्ही मुलं केव्हाच मोठी होऊन हैदराबादेत नोकरीला लागलेली होती. शरणप्पांना कळलं की आता एक तर साहेबांची नोकरी जाणार, नाही तर आपली सनद, बहुधा दोन्ही. पण अर्जातला शब्द न् शब्द खरा होता, आणि खऱ्या अर्जाची तपासणी झाली तर अर्जनवीसानं तोंड लपवायचं नसतं. त्यांनी पुढं होऊन सलाम केला आणि म्हणाले, "हुजूर, ते तळ्यावर असतात."

सगळी कचेरी मागं निघाली. बंधारा उतरून तालुकदारसाहेब तुकड्याशी आले. काठ्यांना बांधलेली वांग्याची झाडं, त्यांच्यावर बेगमसाहेबांच्या जुन्या ओढणीची सावली, आळ्यांमधलं ओलं गवत, आणि पानांच्या खाली ते खरबूज. मल्लम्मा एका झाडाला पाणी पाजत होती. ती पदर सावरून बाजूला झाली. तालुकदारसाहेबांनी त्या कोवळ्या जीवांकडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग शरणप्पांकडं, मग पेशकारसाहेबांकडं. मिशा हलल्या. हातातला खुळखुळा मात्र थोडा वाजला.

त्यांनी विचारलं, "इनमें बड़ा कौन सा है?"

शरणप्पांनी वाकून पान बाजूला केलं आणि खरबूज दाखवलं.

तालुकदारसाहेब गुडघ्यावर बसले. त्यांचा पांढरा पायजमा गाळात टेकला तरी त्यांना भान नव्हतं. एका बोटानं त्यांनी खरबुजावर टकटक केली, कान जवळ नेऊन ऐकलं, पुन्हा टकटक केली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की शरणप्पांना ते ओळखीचं वाटलं, टोपीवाल्या कोंबाच्या दिवसापासून. मग त्यांनी खुळखुळा शेजारच्या काठीला हळूच अडकवला, बाजूचं ओलं गवत मूठभर उचलून खरबुजाच्या उघड्या बाजूवर पांघरलं, आणि उठता उठता पेशकारसाहेबांना हलक्या आवाजात दटावलं,

"धूप में मत सुलाइए."